कॉलरखालची अळी

गल्लीत मला सुई म्हणतात. रफूचं दुकान आहे म्हणून म्हणतात असं मी धरून चालते, पण आमचे हे म्हणतात की दुकान नसतं तरी हेच नाव पडलं असतं. तुझ्या जिभेला हाड नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. तेव्हा त्या दिवशी मी जे बोलून बसले त्यात नवीन असं काही नव्हतं. नवीन एवढंच, की ह्या वेळी ऐकणाऱ्या माणसानं ते खरं मानलं.

आधी वन्संबद्दल सांगते. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. जन्मभर इस्पितळात लोकांचे एक्स-रे काढले, लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या, भाड्याची जागा सुटली, तशा आमच्या मागच्या खोलीत राहायला आल्या. पुढे माझं दुकान, मध्ये आम्ही दोघं, मागे त्या, आणि त्यांच्या दारामागे एवढंसं अंगण. सामान थोडं आणि वावर त्याहून थोडा. कप लगेच विसळून ठेवायच्या. टीव्हीवर आम्ही लावू ते बघायच्या. भाजी अळणी झाली तरी म्हणायच्या, "छान झालीय गं." मी शेजारणींपुढे मिरवायचे की नणंद असावी तर अशी. घरात आहे की नाही ते कळतसुद्धा नाही.

त्यांचा हट्ट एकच. अंगणातल्या दोरीवर जुनी पांढरी चादर टांगायची, तिच्यापुढे दिवा लावून झोपायचं आणि सकाळी चहाच्या आधी जाऊन बघायचं, रात्री कोण येऊन बसलंय ते. कोण म्हणजे पतंग. दिव्यावर धडपडतात तीच पाखरं. पहिल्या सकाळी मी झाडू घेऊनच गेले होते. त्यांनी झाडूचा दांडा धरला.

"मारायच्या आधी बघ तरी, वहिनी."

म्हटलं बघू या. चादरीवर पक्ष्यानं घाण केली होती, ती झटकायला गेले तर त्या घाणीला पाय फुटले आणि ती दोन बोटं पुढे चालत गेली. बाजूला एक मोडकी काडी चिकटली होती, मोडल्या टोकाला आतलं पांढरं लाकूड दिसावं तशी. तोही पतंग. एक वाळकं पान, मधल्या शिरेसकट. एकाचे पंख काचेसारखे आरपार, गांधीलमाशीचं सोंग घेतलेला. एक दगडी रंगाचा, अगदी कुणाच्या खिजगणतीत नसलेला, त्याला वन्संनी गवताच्या काडीनं हळूच डिवचलं तर त्यानं वरचे पंख सरकवले आणि खालून असा काही केशरी रंग निघाला की माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. रंगाला रंग जुळवण्यात माझा जन्म गेलाय. एका राखाडीत किती राखाड्या असतात हे मला कुणी शिकवायला नको. पण असला केशरी मी कुठल्या कापडात पाहिला नव्हता.

"फुलपाखरू दिसलं की लोक पोराला कडेवर घेऊन दाखवतात," वन्सं म्हणाल्या, "आणि हे दिसले की चप्पल काढतात. जाती मोजायला बसलं तर फुलपाखरं ह्यांच्यापुढे मूठभर. पण हे पडले रात्रपाळीवाले. रात्रपाळीवाल्याला कोण विचारतं? मीही केलीय की इतकी वर्षं."

त्या दिवसापासून मी झाडू नेणं सोडलं. कौतुक करायचे असं नाही म्हणणार, पण चहा घेऊन तिथं रेंगाळायचे खरी.

तरी माझा धंदा मला विसरता येत नव्हता. लोकरीला लागणारी कसर ही ह्या पतंगांचीच भावकी. म्हणून दुकानाचा नियम कडक. लोकरीचं काहीही आलं की आधी प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून मोठ्या फ्रीजरमध्ये टाकायचं, आतली अळी-अंडी थंडीनं मरेपर्यंत बाहेर काढायचं नाही, आणि मगच कपाटात टांगायचं. वन्सं म्हणायच्या, "अगं, हजारांत एखादी जात लोकर खाते. एक चोर निघाला म्हणून अख्ख्या गावाला बेड्या घालतात का?"

एकदा त्या शेजारच्या छपरावरून पडलेलं पक्ष्याचं रिकामं घरटं घेऊन आल्या आणि ते थेट माझ्या कामाच्या भिंगाखाली धरलं. आत तांदळाच्या दाण्याएवढी एक राखाडी पिशवी चालत होती. पिशवीतून अळीचं इवलंसं डोकं बाहेर यायचं, दोन पावलं टाकायचं, आणि मागून घर ओढून घ्यायचं.

"पिसं खाते आणि त्याच पिसांची पिशवी विणून आत राहते," वन्सं म्हणाल्या. "वाढली, पिशवी आखूड पडायला लागली, की दोन्ही टोकांना नवीन विणते. मधलं सगळ्यात जुनं. तिनं जन्मभर काय काय खाल्लं ते तिच्या अंगावरच बघायचं."

"म्हणजे माझ्याच धंद्यातली," मी म्हटलं. "पण हे दुकानात नको हं."

त्यांनी लगेच ते घरटं घट्ट झाकणाच्या बरणीत घातलं आणि आपल्या खोलीत नेलं. खिडकीत त्यांच्या अशा बऱ्याच बरण्या होत्या, तोंडाला मलमल बांधलेल्या, आत पाला आणि पाल्यावर नाना तऱ्हेचे सुरवंट. आणि एका बरणीत एक कोष. लिंबाएवढा, तपकिरी, काडीला चिकटलेला. त्याची त्या फार वाट बघत होत्या. म्हणायच्या, ह्यातला पतंग तळहातापेक्षा मोठा होईल आणि त्याला तोंडच नसेल. सुरवंट असताना जे पोटात गेलं असेल त्यावरच चार दिवस काढायचे.

"तोंड नाही? सुखी आहे बिचारा," मी म्हटलं.

"तुला नसतं तर आपण सगळेच सुखी असतो," त्या म्हणाल्या, आणि दोघी हसलो.

आता कोटाचं. आमच्या गल्लीच्या टोकाला दातांची डॉक्टरीण बसते. तिचे वडील ट्राम चालवायचे, ते वारले. त्यांचा कामावरचा गडद निळा लोकरी कोट तिनं आणला. कोपर विरलं होतं, ते रफू करून तिला तो भावाला द्यायचा होता. भाऊ लांबून येणार होता. निळा रंग अवघड निघाला. मला हवा तो धागा मिळेना, आणि जवळपासचा लावून भागवणाऱ्यांतली मी नव्हे. कोट फ्रीजरमधून काढून कपाटात टांगला आणि धागा शोधत राहिले. दिवस गेले.

डॉक्टरीण विचारायला आली तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात तिच्यासमोरच कपाट उघडलं. कोट उचलून उजेडात धरला. कॉलरखाली, पाठीवर, खिशाच्या कडेला, भोकंच भोकं. चाळण झाली होती. डॉक्टरणीनं पाठीवरच्या एका भोकातून करंगळी घातली आणि तशीच उभी राहिली. तिनं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडणात मी कुणाला हार जात नाही.

नेमक्या त्याच वेळी मागून वन्सं चहाचा ट्रे घेऊन आल्या. आणि मी म्हणाले, "काय सांगू तुम्हाला, आमच्या वन्संना किड्यांचा नाद आहे हो. घरात पाळतात. परवा पक्ष्याचं घरटं आणून ठेवलंय, त्यात कसर. मी किती वेळा सांगितलं."

किती वेळा सांगितलं होतं? एकदाच, आणि ते त्यांनी त्याच क्षणी ऐकलं होतं. पण खरं सांगते, वाक्य तोंडातून बाहेर पडेपर्यंत मलाही ते पटलं होतं. दुसऱ्यावर ढकललेलं किती लवकर पटतं.

वन्संनी ट्रे टेबलावर ठेवला. "हो," त्या डॉक्टरणीला म्हणाल्या, "घरटं मीच आणलं. चूक माझी आहे. मला माफ करा."

डॉक्टरीण म्हणाली, होईल तेवढं नीट करून द्या, मी पुढच्या आठवड्यात येते. चहा तसाच राहिला. आणि मी काय केलं? सुटले एकदाची म्हणून पदरानं घाम पुसला.

दुपारी कोट पुन्हा पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवायला गेले. झाकण उचललं तर आत बरण्या. मटारच्या पाकिटाशेजारी ओळीनं, एकेक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून लावलेल्या, तोंडाची मलमल तशीच, आत पाला काळवंडलेला आणि सुरवंट कडक. घरट्याची बरणी होती. कोषाचीही होती. माझीच पद्धत त्यांनी माझ्याच फ्रीजरमध्ये वापरली होती, आणि पिशव्यांना गाठीसुद्धा मी मारते तशाच मारल्या होत्या. मी झाकण लावलं. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण त्याबरोबर हेही वाटलं, की चला, कटकट गेली.

काही दिवसांनी कोट बाहेर काढला आणि भोकं बुजवायला मी कॉलरपासून सुरुवात केली. भिंगाखाली कॉलर उलटली तर शिवणीत एक अळीची पिशवी अडकलेली. तांदळाएवढी. फ्रीजरनं अळी मेली होती, घर तेवढं शाबूत होतं. सुईच्या टोकानं काढून भिंगाखाली ठेवलं. दोन्ही टोकं गडद निळी, म्हणजे कोटाची. त्यांच्या आत दोन बाजूंना डाळिंबी पट्टा. आणि अगदी मध्ये शेवाळी.

पिसांचा राखाडी कुठेच नव्हता.

मी सुई खाली ठेवली. तो शेवाळी मी हजार धाग्यांत ओळखेन. माझ्याच जुन्या स्वेटरचा तो, मी स्वतः उसवून गुंडाळून ठेवलेला. डाळिंबी म्हणजे एका शालीचं उरलेलं सूत. रफूवाली माणसं तुकडा टाकत नाहीत, कधी कोणता रंग लागेल सांगता येत नाही. माझी अशा तुकड्यांची एक मोठी कापडी पिशवी आहे, आणि ती कुठे असते? त्याच कपाटाच्या तळाशी. कोटाच्या बरोबर खाली. गिऱ्हाइकाचा हातरुमाल असला तरी मी फ्रीजरमध्ये घातला असता, पण माझ्या स्वतःच्या पिशवीला मी कधी थंडी दाखवली नव्हती. ती घरची ना.

पिशवी उघडली. सांगण्यासारखं नाही. सूत कमी आणि अळ्या जास्त. बारीक पिवळट पतंग हातावरून सरसरत पळाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणतात तसं. वर चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती ती वेगळीच.

मी उठून फ्रीजरकडे गेले आणि कोषाची बरणी बाहेर काढली. खिडकीत उन्हाला ठेवली, वेड्यासारखी तिच्यापुढे बसून राहिले, कोष कानाशी धरून हलवला. आत काहीतरी सुटं झालेलं खडखडत होतं. बरणी पुन्हा जागेवर ठेवली.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे जेवता जेवता म्हणाले, "पिशवी जाळून टाक. ताईला कशाला सांगतेस? सांगून तिला काय मिळणार, मेलेली पाखरं? उलट दुःख. ती विसरली असेल एव्हाना."

विसरल्या नव्हत्या. दुकानाचा उंबरा त्यांनी त्या दिवसापासून ओलांडला नव्हता. आमच्या मधल्या खोलीत यायचं झालं तर आधी अंगणात जाऊन साडी झटकायच्या, हात कोपरापर्यंत धुवायच्या. चादर घडी करून ठेवून दिली होती. सकाळी मी चहा घेऊन अंगणात गेले की नुसती दोरी दिसायची. आणि एका सकाळी सहज सांगावं तसं म्हणाल्या, "बायकांच्या वसतिगृहात एक खोली रिकामी होतेय, वहिनी. बघून आले. बरी आहे. तुमच्या धंद्याला माझ्यामुळे आणखी काही नको व्हायला."

मी तेव्हाच खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण खाई त्याला खवखवे, माझ्या घशातून निघालं ते एवढंच, "घाई काय आहे?"

"घाई नाही. पण जायला हवं," त्या म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

तो आठवडा मी कोटावर डोळे फोडले. असं रफू मी आधी कधी केलं नसेल. एकेक भोक बुजवताना वाटायचं, शेवटचं बुजेपर्यंत सांगू या. शेवटचं बुजलं तरी सांगितलं नाही. मग ठरवलं, जिथे बोललीस तिथेच आणि जिच्यासमोर बोललीस तिच्यासमोरच गिळ.

डॉक्टरीण आली. मी मागे गेले आणि वन्संना म्हटलं, दुकानात या. त्या नको म्हणाल्या. मी हात धरून आणलं. डॉक्टरणीच्या समोर उभं केलं आणि एका दमात सांगून टाकलं. कसर माझ्या सुताच्या पिशवीतली होती. माझ्या आळसानं कोट गेला. वन्संच्या घरट्याचा काही संबंध नव्हता, आणि मी खोटं बोलले. त्यानंतर ती तीन रंगांची अळीची पिशवी कागदावर ठेवून पुढे केली, पुरावा म्हणून.

वन्संनी चष्मा लावला. कागद उचलून दाराच्या उजेडात नेला, एक्स-रेची फिल्म बघतात तसा डोळ्यांसमोर धरला. बराच वेळ बघत होत्या.

"मध्ये शेवाळी आहे," त्या म्हणाल्या.

डॉक्टरणीनं कोट घेतला, उलटून पालटून पाहिला. भोकं कुठे होती ते तिला सापडलं नाही. जाताना ती वन्संपाशी थांबली आणि म्हणाली, "मी त्या दिवशी तुमच्याकडे फार वाईट नजरेनं पाहिलं." वन्संनी मान हलवली. ती गेली.

आता माझ्या मनावरचं ओझं उतरायला हवं होतं. कबूल केलं की हलकं वाटतं म्हणतात. कुणाला वाटतं देव जाणे.

"वन्सं, काहीतरी बोला."

"काय बोलू? तू म्हणालीस, मी मानलं." त्या कागद हातात धरून स्टुलावर बसल्या. "मी विचार करतेय की मी का मानलं. झाकण घट्ट होतं, मीच लावलं होतं. त्या घरट्यातनं काही बाहेर आलेलं नाही हे मला माहीत होतं, वहिनी. एकदा बरणी तपासून बघितली असती तरी कळलं असतं. मी तपासलीसुद्धा नाही." कागद मांडीवर ठेवत म्हणाल्या, "माझं घर असतं तर मी आधी भांडले असते."

हे मला टोचलं. इतका काळ मी ज्याला गुण म्हणून मिरवत होते, ते विसळलेले कप, ती अळणी भाजी, ते सगळं काय होतं ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. पाहुणी होती ती बाई. आणि मला सोयीचं होतं म्हणून मी तिला पाहुणीच ठेवलं होतं.

"मग आता भांडा," मी म्हटलं.

"आता कसलं भांडू?"

"भांडा म्हणते ना. मी ऐकते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आधी काही जमेना. मग म्हणाल्या, "ती पिशवी." त्यांनी कपाटाच्या तळाकडे बोट केलं. "ती पिशवी तू एवढी वर्षं तशीच ठेवलीस, आणि मला नियम सांगतेस? गिऱ्हाइकांना शिकवतेस?" आवाज जरा चढला. "आणि तुझी भाजी रोज अळणी असते. रोज. माझा भाऊ घाबरून बोलत नाही, मी भीड म्हणून बोलत नाही. टीव्हीवर ते काय रडकं लावता रोज, डोकं उठतं माझं. आणि परक्या बाईसमोर तू मला असं म्हणालीस, हातात ट्रे होता माझ्या, जरा तरी विचार करायचास. माझ्या भावाचं घर आहे हे. मी जाणार नाही कुठे. का जाऊ? त्या वसतिगृहात दिवे पिवळे आहेत, त्यांच्यावर पतंग येत नाहीत, आणि अंगण नाही. तूच सांग त्यांना फोन करून, मी नाही सांगणार."

आवाज ऐकून आमचे हे मधल्या दारात आले. मी हातानंच त्यांना मागे फिरवलं.

मी एका शब्दानं उत्तर दिलं नाही. जन्मात पहिल्यांदा असेल. त्या बोलत राहिल्या, चादरीचं बोलल्या, सुरवंटांचा पाला त्या किती लांबून आणायच्या ते बोलल्या, बोलता बोलता उठल्या, दुकानात येरझारा घालू लागल्या. मग कपाटापाशी पोचल्या आणि तिथंच थांबल्या, माझ्याकडे पाठ करून.

"बाकीचे मी बरणीसकट ठेवले फ्रीजरमध्ये. बघितलंच नाही त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या. "कोषाची काडी तेवढी सुटली होती, ती नीट बसवायला म्हणून मी तो हातात घेतला. तो हलला गं. आतून. माझ्या बोटांना कळलं. आणि तरी मी फ्रीजरचं झाकण लावलं."

मी त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.